संगणकाची पदविका आणि कर्जाचा हिशेब



दहावीचा निकाल लागला म्हणजे आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत दोन प्रकारचे लोक गांवोगांव हिंडूं लागतात. एक बियाण्यांच्या कंपन्यांचे प्रतिनिधि व दुसरे महाविद्यालयांचे प्रतिनिधि. दोघांच्याही हातीं रंगीत पत्रकें असतात. पहिल्यांच्या पत्रकावर बोंडांनीं लगडलेली पऱ्हाटी असते, दुसऱ्यांच्या पत्रकावर संगणकापुढें बसलेला हंसतमुख तरुण असतो. पहिल्या पत्रकाकडे संशयानें पाहावयास आमचा शेतकरी अनुभवानें शिकला आहे. दुसऱ्याकडे मात्र तो अद्याप भक्तिभावानें पाहतो. कारण त्यावर त्याच्या मुलाचें भविष्य छापलेलें आहे असें त्यास वाटतें. ह्या दुसऱ्या पत्रकाच्या पाठोपाठ जो कर्जाचा कागद घरांत येतो, त्याविषयीं आज मला बोलावयाचें आहे.

मी अर्थशास्त्रज्ञ नव्हे, आणि संगणकतज्ज्ञ तर नव्हेच. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेंत शिरलों तो सेवानिवृत्तीपर्यंत तेथेंच राहिलों. परंतु सरळव्याज, चक्रवाढव्याज, नफा-तोटा हीं प्रकरणें मीं तीस वर्षांहून अधिक काळ फळ्यावर शिकविलीं आहेत, आणि आजच्या विषयाला लागणारें गणित त्यापलीकडचें नाहीं. तेंच सोपें गणित करण्यांत मी स्वतः एकदां चुकलों. ती चूक आधीं सांगतों.

दहा-अकरा वर्षें झालीं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील सायंकाळीं कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आले. पांच एकर कोरडवाहू जमीन. घरांत हा मुलगा व नुकतीच अंगणवाडींत जाऊं लागलेली एक मुलगी. मुलगा दहावीला बऱ्या गुणांनीं उत्तीर्ण झाला होता व शेजारच्या जिल्ह्यांतील एका खासगी तंत्रनिकेतनांत संगणकाच्या पदविकेला त्याला प्रवेश मिळत होता. शुल्क, वसतिगृह व पुस्तकें मिळून वर्षाला एक लक्ष रुपये, म्हणजे तीन वर्षांचे तीन लक्ष. बँक दरसाल दर शेकडा दहा रुपये व्याजानें कर्ज द्यावयास तयार होती. “तुम्ही सांगान तसं करतो जी, गुरुजी,” एवढेंच ते म्हणाले आणि कागद माझ्यापुढें ठेवून गप्प बसले.

मीं पेन्सिल घेतली. तीन लक्ष रुपये, दहा टक्के, सात वर्षांची फेड. हप्ता आला पांच हजारांच्या किंचित् आंत. महाविद्यालयाच्या पत्रकांत लिहिलें होतें कीं विद्यार्थ्यांना वीस हजारांची नोकरी मिळते. विसांतून पांच गेले, पंधरा उरले. ह्यांत वाईट तें काय? “भाऊ, सही करा,” असें मीं सांगितलें व त्यांनीं सही केली. त्या चार ओळींच्या हिशेबांत तीन चुका होत्या, आणि तिन्ही माझ्या होत्या.

चुकांकडे वळण्यापूर्वीं ही पदविका म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. कारण खेड्यांत ‘कम्प्युटरचा कोर्स’ ह्या एकाच नांवाखालीं चार निरनिराळ्या वस्तु विकल्या जातात. २००१ सालीं सुरू झालेला एमएस-सीआयटी हा कांहीं महिन्यांचा अभ्यासक्रम म्हणजे संगणकाची केवळ अक्षरओळख आहे. तो चांगला आहे, पण तो धंदा नव्हे. आयटीआयमधील संगणकचालक व प्रोग्रॅमिंग सहायक हा एक वर्षाचा व्यवसाय अभ्यासक्रम आहे. तंत्रनिकेतनाची पदविका दहावीनंतर तीन वर्षांची, सहा सत्रांची असते व तिची परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेतें. ती घेतलेल्या मुलाला पुढें अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत थेट प्रवेश मिळूं शकतो. बारावीनंतरची बीसीए ही मात्र विद्यापीठाची तीन वर्षांची पदवी होय. अमेरिकेंत दोन वर्षांचीं लोकमहाविद्यालयें आहेत व तेथील छोट्या पदवीस ‘असोसिएट डिग्री’ म्हणतात. आमची पदविका साधारणपणें तिच्या पंक्तीला बसते. त्या देशांत विद्यार्थ्यांच्या डोक्यावरील एकूण कर्ज दीड लक्ष कोटि डॉलरांच्याही वर गेलें आहे, आणि शिक्षण घेतलें तें फेडण्यापुरतें तरी मिळवून देतें काय, हा प्रश्न तेथील घराघरांत विचारला जातो. आमच्याकडे तो प्रश्न बहुधा हप्ता थकल्यावर विचारतात.

आमच्याकडे हें कर्ज आलें कोठून तेंही पाहण्यासारखें आहे. माझ्या लहानपणीं तंत्रशिक्षण म्हणजे सरकारी शिक्षण. जागा मूठभर, पण शुल्क नाममात्र. १९८३ सालीं वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असतांना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि शिक्षणाचें दार एकदम रुंद झालें. आमच्या पुसदचें बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच सालचें. यवतमाळचें जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ मध्यें निघालें. ज्या मुलांना पूर्वीं पुण्यामुंबईचीं स्वप्नेंही पडत नसत त्यांना तालुक्याच्या अंतरावर महाविद्यालय मिळालें, हा उपकार मी लहान मानीत नाहीं. परंतु ‘विनाअनुदानित’ ह्या शब्दाचा अर्थ असा कीं शिक्षणाचा खर्च सरकार देत नाहीं, बाप देतो. बापाजवळ नसेल तर बँक देते, आणि बँकेला मुलगा देतो. २००१ सालीं बँकांच्या संघानें शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आखली ती ह्याच साखळींतली शेवटची कडी होय. चार लक्षांपर्यंत तारण नाहीं. २०१५ पासून सरकारच्या हमीनिधीमुळें साडेसात लक्षांपर्यंतही तारण लागत नाहीं. मात्र तारण नाहीं म्हणजे जबाबदारी नाहीं असें नव्हे. वडील त्या कागदावर सहकर्जदार असतात.

आतां माझी पहिली चूक. मीं तीन लक्षांवर हप्ता काढला. वस्तुतः फेड सुरू होते तेव्हां कर्ज तीन लक्ष राहिलेलेंच नसतें. अभ्यासक्रमाचीं तीन वर्षें व त्यापुढील एक वर्ष हप्ता नसतो. बँकेंतील मंडळी ह्या काळाला मोरेटोरियम म्हणतात, आणि आमचे लोक त्याला माफी समजतात. ती माफी नव्हे. हप्ता थांबलेला असतो, व्याज थांबलेलें नसतें. पहिल्या वर्षीं घेतलेल्या एक लक्षावर चार वर्षांचें सरळव्याज चाळीस हजार, दुसऱ्या वर्षींच्या लक्षावर तीन वर्षांचें तीस हजार, तिसऱ्या वर्षींच्या लक्षावर दोन वर्षांचें वीस हजार. एकूण नव्वद हजार. हें व्याज मुद्दलांत मिळवून ३,९०,००० वर हप्ता बांधला जातो. सात वर्षांची मुदत घेतली तर तो ६,४७४ रुपये होतो. दहा वर्षांची घेतली तर ५,१५४, आणि पंधरा वर्षांची घेतली तर ४,१९१. शेवटचा आंकडा ऐकून बरें वाटतें, म्हणून पुढचाही ऐका: पंधरा वर्षांत एकूण सुमारें साडेसात लक्ष रुपये भरले जातात. सात वर्षांत भरलेल्या रकमेहून हे दोन लक्ष दहा हजार अधिक. (दहा टक्के हा दर मीं हिशेबासाठीं धरला आहे, बँकेगणिक व काळागणिक तो वरखालीं होतो.)

जुन्या मुंबई इलाख्यांत दामदुपटीचा दंडक होता: एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज सावकारास वसूल करतां येत नसे. ‘दामदुपट’ हा शब्द आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडीं अजून आहे व बँकेलाही तो लागू आहे अशी पुष्कळांची समजूत आहे. ती समजूत खोटी आहे. त्याचप्रमाणें कर्जमाफीची आशा. २००८, २०१७ व २०१९ ह्या तिन्ही सालच्या मोठ्या माफ्या शेतीकर्जाच्या होत्या. शैक्षणिक कर्जाचा त्यांत समावेश नव्हता. ज्या घरानें ह्यांपैकीं दोन माफ्या पाहिल्या आहेत त्याला तिसरें कर्ज हलकें वाटतें, आणि आमच्या जिल्ह्याचा खरा धोका मला तेथें दिसतो.

ह्या नव्वद हजारांच्या व्याजावर एक साधा उपाय आहे, तो कोणी सांगत नाहीं. व्याज साचूं न देतां दरमहा भरीत जावें. पहिल्या वर्षीं तें महिन्याला ८३३ रुपये होतें, दुसऱ्या वर्षीं १,६६७, पुढें २,५००. असें केल्यास फेड तीन लक्षांवरच सुरू होते व सात वर्षांचा हप्ता ६,४७४ ऐवजीं ४,९८० राहतो. शिवाय अभ्यासकाळांत व्याज भरणाऱ्यास दरांत एक टक्क्याची सूट देण्याची तरतूद आदर्श योजनेंत आहे. ती बँकेंत जाऊन मागावी लागते. पहिल्या वर्षाचे ८३३ रुपये म्हणजे एका म्हशीच्या दुधाचे कांहीं दिवस. मुलानें स्वतः मिळविले तर अधिक चांगलें. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली व ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग दाखविला; त्या नांवाची योजना आजही अनेक महाविद्यालयांत आहे. सुटींत एका दुकानाच्या पावत्या संगणकावर चढवून दिल्या तरी व्याज सुटतें व हाताला सराव होतो.

दुसरी चूक पगाराची. पत्रकांतील वीस हजारांचा आंकडा मीं खरा धरला. तो खोटा होता असेंही मी म्हणत नाहीं. तो कोणाचा होता हें मीं विचारलें नाहीं. दहा मुलांपैकीं नऊ जणांना दहा हजार व एकास साठ हजार मिळाले तर सरासरी पंधरा हजार येते, आणि पंधरा हजार तर कोणालाच मिळालेले नसतात. म्हणून सरासरी विचारूं नये, सर्वांत मोठा पगार तर मुळींच विचारूं नये. सगळे पगार चढत्या क्रमानें मांडून मधोमध कोणता येतो तो विचारावा. त्याच्याही आधीं विचारावें कीं तीन वर्षांपूर्वीं किती मुलें दाखल झालीं, त्यांतील किती वेळेवर उत्तीर्ण झालीं व किती नोकरीस लागलीं. जें महाविद्यालय ह्याचें लेखी उत्तर देतें तेथें बिनदिक्कत बसून चहा घ्यावा.

पदविकाधारकाची किंमत बाजारांत काय, ह्याचा एक ठोकताळा सरकारी कागदांतच सांपडतो. शिकाऊ उमेदवारांच्या २०१९ च्या सुधारित नियमांत पदविकाधारकास दरमहा किमान आठ हजार व पदवीधरास नऊ हजार विद्यावेतन ठरविलें होतें. २०२४ सालीं राज्यानें काढलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेंतही पदविकेला आठ व पदवीला दहा हजार असेच आंकडे होते. हीं विद्यावेतनें आहेत, पगार नव्हेत, हें खरें. तथापि पहिल्या वर्षाचा पाया एवढाच धरावा. मोठ्या संगणक कंपन्या नवशिक्या अभियंत्यास वर्षाला साडेतीन लक्षांच्या आसपास देतात व गेल्या दहा-बारा वर्षांत हा आंकडा फारसा हललेला नाहीं. महागाई मात्र हलली. आणि तो पगारही पदवीचा आहे, पदविकेचा नव्हे. पदविका झालेलीं कित्येक मुलें ह्या कारणानें पुढें तीन वर्षें अभियांत्रिकीला जातात. ज्यानें तसें ठरविलें असेल त्यानें दोन्ही कर्जांचा हिशेब पहिल्याच दिवशीं एकत्र मांडावा.

शिवाय काळ बदलत आहे. प्रोग्रॅमचीं सोपीं वाक्यें लिहिणें, तीं तपासणें, हीं नवशिक्याचीं कामें आतां यंत्रच करूं लागलें आहे. जुलै २०२५ मध्यें देशांतील सर्वांत मोठ्या संगणकसेवा कंपनीनें बारा हजारांहून अधिक माणसें कमी करण्याचें जाहीर केलें. ह्यावरून संगणकाचा धंदा बुडाला असें मी म्हणणार नाहीं. ज्याला खरोखर विचार करून काम करतां येतें त्याला तो उद्यांही पोसील. परंतु केवळ प्रमाणपत्राच्या बळावर मिळणारी पहिली नोकरी अवघड होत चालली आहे, आणि हप्ता तर पहिल्या नोकरींतूनच द्यावयाचा असतो.

तिसरी चूक सर्वांत मोठी. मीं हप्ता पगारांतून वजा केला. हप्ता पगारांतून जात नाहीं. तो शिलकेंतून जातो. समजा, मुलाला पुण्यांत हातांत पडणारे पंधरा हजार मिळाले. चौघांत मिळून घेतलेल्या खोलीचे चार हजार, खानावळीचे साडेतीन हजार, बस व फोन दीड हजार, कपडालत्ता, औषध व दिवाळीला गांवीं येणें-जाणें ह्यांचे दीड हजार. काटकसरीनें राहणाऱ्याचे हे साडेदहा हजार झाले. उरले साडेचार हजार. सात वर्षांचा हप्ता ६,४७४. तो बसतच नाहीं. पंधरा वर्षांचा ४,१९१ बसतो व महिन्याअखेर हातांत ३०९ रुपये राहतात. त्यांत घरीं काय पाठविणार? ज्या बापानें मुलगा आपल्याला हातभार लावील म्हणून सही केली, त्यालाच दोन वर्षें मुलाचा हप्ता भरावा लागतो तो असा.

आतां हाच हिशेब पंचवीस हजारांवर करून पाहा. खर्च साडेबारा हजारांवर गेला तरी साडेबारा उरतात. हप्ता देऊन सहा हजार गांवीं जातात आणि कर्ज सात वर्षांत फिटतें. म्हणजे पंधरा व पंचवीस ह्यांच्या मध्यें कोठेंतरी ती रेषा आहे, जिच्या अलीकडे हें कर्ज घराला खातें व पलीकडे तेंच घराला तारतें. आपलें मूल त्या रेषेच्या पलीकडे किती वर्षांत जाईल, हा प्रश्न भाग्याचा नाहीं. तें गणितांत कसें आहे, इंग्रजी वाचून समजतें काय, एखादी गोष्ट जमली नाहीं तर चिडून सोडून देतें कीं पुन्हां बसतें, हें त्याच्या शिक्षकाला माहीत असतें. शिक्षकाला विचारावें, आणि शिक्षकानें, माझ्यासारखें न करतां, खरें सांगावें.

दुसऱ्या बाजूनें रेषाच खालीं आणतां येते. यवतमाळला शासकीय तंत्रनिकेतन आहे. तेथील वर्षाचें शुल्क हजारांत मोजतात, लाखांत नव्हे. समजा, राहण्याजेवण्यासह वर्षाला वीस हजारांचें कर्ज घेतलें; तीन वर्षांचे साठ हजार, व्याज धरून अठ्ठ्याहत्तर हजार, व सात वर्षांचा हप्ता १,२९५ रुपये. पंधरा हजारांच्या पगारांतून साडेचार हजार उरतात असें आतांच पाहिलें; त्यांत हा हप्ता सहज मावतो. परीक्षा एकाच मंडळाची, पदविका तीच, आणि नोकरी देणारा बहुधा हाताचें काम पाहतो. तीन वर्षें तीन लक्षांत मिळोत कीं साठ हजारांत, पगाराच्या चिठ्ठीवर तो फरक छापलेला नसतो. म्हणून प्रवेशाच्या केंद्रीय फेरींत शासकीय संस्थांचे पर्याय आधीं भरावेत. मित्र जेथें जातो तें महाविद्यालय नंतर. खासगी संस्थेंतच जावयाचें झालें तर राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणानें तिचें मान्य शुल्क किती ठरविलें आहे तें पाहावें. त्याहून अधिक कोणी मागत असेल तर पावती मागावी. पावती मागितली म्हणजे रक्कम कमी होते, हा माझा अनुभव आहे.

सरकारी सवलतींविषयीं थोडें. त्यांत एक खांच आहे. कुटुंबाचें उत्पन्न साडेचार लक्षांच्या आंत असेल तर शिक्षणकाळांतील व्याज केंद्र सरकार भरतें, ही २००९ सालची योजना पुष्कळांनीं ऐकलेली असते. परंतु ती बारावीनंतरच्या अभ्यासक्रमांसाठीं आहे, आणि २०१८ पासून संस्थेला वा अभ्यासक्रमाला राष्ट्रीय मानांकन असावें लागतें. दहावीनंतरच्या पदविकेला ती मिळत नाहीं. बीसीएला, मानांकित महाविद्यालय असल्यास, मिळूं शकते. नोव्हेंबर २०२४ मध्यें मंजूर झालेली पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना निवडक दर्जेदार संस्थांपुरती आहे. राज्याची राजर्षि शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ति मात्र तंत्रनिकेतनांनाही लागू आहे. आणि जुलै २०२४ च्या शासननिर्णयानें आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील, आठ लक्षांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचें व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षणशुल्क पूर्ण माफ झालें. अट एवढीच कीं प्रवेश केंद्रीय फेरींतून झालेला असावा. व्यवस्थापनाच्या कोट्यांतून, ओळखीनें मिळविलेल्या जागेला ही माफी नाहीं; आणि आमच्याकडे ओळखीनें जागा मिळविण्यांत मोठा मान समजतात!

अर्धवट सुटलेल्या शिक्षणाची गोष्ट राहिलीच. पदविका पूर्ण झाली तर कर्जाच्या समोर कांहींतरी उभें असतें. दुसऱ्या वर्षीं चार विषय राहिले व मुलगा घरीं बसला, तर कर्ज तेवढें राहतें आणि समोरचें पारडें रिकामें होतें. नापास होऊन नुसतें एक वर्ष वाढलें तरी तीन लक्षांवर तीस हजार व्याज वाढतें. नोकरी सुटली वा पगार फारच कमी असला तर मध्येंच कांहीं महिने हप्ता थांबविण्याची मुभाही आदर्श योजनेंत ठेवलेली आहे; पण हप्ता थकण्यापूर्वीं अर्ज घेऊन गेलें पाहिजे. आमची माणसें हप्ता थकला कीं बँकेच्या रस्त्यानें जाणेंच सोडतात.

अमरावतीच्या विद्यापीठाला गाडगे बाबांचें नांव आहे. बाबा कीर्तनांतून सांगत कीं कर्ज काढूं नका. आणि तेच बाबा सांगत कीं घरचें भांडें मोडावें लागलें तरी लेकराला शिकवा. पुष्कळ वर्षें मला ह्या दोन उपदेशांत विरोध वाटे. आतां वाटत नाहीं. भांडें मोडणें म्हणजे आज जवळ आहे तें देणें. कर्ज काढणें म्हणजे उद्यां मुलाजवळ जें असेल असें आपण समजतों तें आजच देऊन टाकणें. दुसरें करूंच नये असें मी म्हणत नाहीं. पण पहिल्याहून तें अवघड आहे व त्याला अधिक मोजमाप लागतें.

माझ्या त्या विद्यार्थ्याचें पुढें असें झालें. दुसऱ्या वर्षीं त्याचें एक वर्ष गेलें. तरी त्यानें सोडलें नाहीं, पदविका पूर्ण केली. फेड सुरू झाली तेव्हां कर्ज चार लक्ष वीस हजार झालें होतें व हप्ता सात हजारांस सत्तावीस रुपये कमी. पुण्यांत पहिली नोकरी लागली ती नऊ हजारांची, एका कचेरींत आंकडे भरण्याची. सहा हप्ते थकले. त्याची नोंद मुलाच्या व बापाच्या, अशा दोघांच्याही नांवें झाली, आणि पुढील हंगामांत वडील पीककर्जाच्या नूतनीकरणास गेले तेव्हां आधीं हाच थकलेला आंकडा त्यांच्यापुढें ठेवण्यांत आला. त्या वर्षीं पेरणी हातउसन्यावर झाली, महिना शेकडा दोन रुपये व्याजानें. म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. मला हें कळलें तें दुसऱ्याच्या तोंडून. ते स्वतः माझ्याकडे तक्रार घेऊन कधींच आले नाहींत.

मुलगा आज तालुक्याच्या गांवीं ऑनलाइन अर्ज, दाखले व सातबारा काढून देण्याचें केंद्र चालवितो. चांगलें चालवितो. शेतकऱ्यांच्या पोर्टलवरील भानगडी त्याच्याइतक्या कोणाला सुटत नाहींत, म्हणजे शिक्षण वाया गेलें असें कोण म्हणेल? हप्ते मात्र अजून चालू आहेत.

गेल्या उन्हाळ्यांत त्याचे वडील पुन्हां माझ्या ओसरीवर आले. ह्या खेपेस मुलगी बरोबर होती. तिलाही संगणकाचीच पदविका करावयाची होती. मीं पाटी-पेन्सिल तिच्याच हातीं दिली. शुल्कमाफीचा निर्णय तिनें आधींच वाचलेला होता. राहण्याजेवण्याचा खर्च, व्याज, हप्ता, पुण्याची खोली, सारें तिनें मांडलें आणि एके ठिकाणीं माझी वजाबाकी दुरुस्तही केली. यवतमाळच्या शासकीय तंत्रनिकेतनाचा पर्याय पहिला भरला. कर्जाचा अर्ज कोरा होता तो घडी घालून वडिलांनीं पिशवींत ठेवला, फाडला नाहीं. “राहू द्या जी,” ते म्हणाले, “यादी लागू द्या आधी.”